कृपेला हप्ता नसतो

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

कुणी भाकरी थापत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी गटाच्या बैठकीला जमून एकत्र ऐकत असाल.

केंद्रावरच्या ताई मला म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं बचत गटाचा हिशोब लिहिताय, त्यावर बोला की." मी म्हटलं, हिशोबावरच बोलते, पण जरा वेगळ्या. मी देवाबरोबर एक हिशोब मांडून बसले होते. तो कसा मोडला आणि मोडल्यावर मी कशी उभी राहिले, ते सांगते. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा माझ्याच विश्वासाच्या भाषेत बोलणार. तुमचा धर्म वेगळा असेल तरी रेडिओ बंद करू नका. देवापुढं आपण कमी पडतो ही धास्ती कुठल्या एका धर्माच्या बाईची नाही.

आमच्या गटाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. महिन्याच्या पाच तारखेला शंभर रुपये. उशीर झाला की दहा रुपये दंड. सलग तीन बैठका चुकवल्या की त्या बाईला कर्ज मिळत नाही. नियम कडक आहे, पण त्यावरच गट टिकला. पैशाच्या व्यवहारात असंच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी चूक एवढीच झाली, की तोच नियम मी देवाच्या दारात नेला.

लग्नानंतर काही वर्षांनी आमच्याकडं संजीवन सभा झाल्या. तीन दिवस मांडवात बसून मी रडले. घरी आल्यावर मनाशी ठरवलं, आता देवाची पक्की लेक व्हायचं. बाजारातून शंभर पानी वही आणली. पट्टीनं रेघा मारल्या, रकाने पाडले. पहिला रकाना पहाटे चारच्या प्रार्थनेचा. दुसरा, शास्त्राचे किती अध्याय वाचले त्याचा. तिसरा शुक्रवारच्या उपासाचा. चौथा दशांशाचा. झालं की बरोबरची खूण, राहिलं की फुली.

सुरुवातीला मजा वाटली. पानंच्या पानं बरोबरच्या खुणांनी भरली. माझ्या नकळत आणखी एक गोष्ट भरत गेली, ती म्हणजे माझी मान. आमची धाकटी जाऊ उपासनेत डुलक्या घ्यायची. दिवसभर कांदा खुरपून आलेली बाई, तिला झोप यायचीच. मी मात्र तिच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, हिची वही असती तर नुसत्या फुल्या.

मग एका पावसाळ्यात सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. जिल्ह्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून घरी आणलं. पुढं लहान लहान झटके येत गेले आणि डोक्यावरही परिणाम झाला. आधी नातवंडांची नावं गेली, मग माझं. मला त्या कधी त्यांची मेलेली बहीण समजायच्या, कधी शेजारीण. तीन वर्षं मी त्यांचं सगळं केलं. भरवणं, धुणं, कूस बदलणं, रात्रीत चार वेळा उठणं.

पहाटेची प्रार्थना गेली. पहाटे चारला मी फडकी धूत असायचे. वाचन गेलं. उपास गेला, कारण उपाशी पोटी त्यांना उचलताना मला भोवळ यायची. वहीत फुल्या वाढल्या. एकदा अख्खं पान फुल्यांचं झालं, तेव्हा मी वही पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली ठेवून दिली.

आता जे सांगणार आहे ते मी खूप दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. एका रात्री तिसऱ्यांदा अंथरूण बदलावं लागलं. मी त्यांना उठवायला गेले, तर त्यांनी पदर घट्ट धरून ठेवला, सोडेनात. मी त्यांचा हात हिसडला. जोरात. आणि म्हणाले, "सुटत का नाहीस एकदाची?"

सकाळी त्यांच्या मनगटावर बांगडीच्या आकाराचा काळानिळा वळ होता. त्यांना काही आठवत नव्हतं. मला बघून त्या हसल्या. मैत्रिणींनो, त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर आणि प्याला हातात यायची वेळ झाली, तशी मी पोराला बाहेर न्यायचं निमित्त करून उठून गेले. पुढच्या महिन्यातही तेच. असे पाच महिने काढले. मी मनाशी म्हणायचे, संपलं, आपलं खातं बंद झालं. देवानं काही बंद केलं नव्हतं. मीच लिहिणारी, मीच तपासणारी आणि मीच बंद करणारी.

सासूबाईंचं दुःख निराळं होतं. त्या जुन्या काळच्या प्रार्थना करणाऱ्या बाई. वाचता येत नव्हतं, पण प्रभूची प्रार्थना आणि कितीतरी स्तोत्रं तोंडपाठ. आता पहिल्या दोन शब्दांनंतर गाडी अडायची. पुन्हा सुरू करायच्या, पुन्हा अडायच्या. मग रडायच्या. "माझी प्रार्थना हरवली गं," म्हणायच्या. घरी आलेल्या एका प्रचारकानं वर आणखी सांगून ठेवलं होतं, की घरात विश्वास कमी आहे म्हणून आजार जात नाही. त्या बोलण्यानं मला रात्रभर झोप आली नाही. मी तर गेलेच होते. पण जिनं साठ वर्षं देवाचं नाव घेतलं, तिला आता ते नाव घेता येत नाही, तर तिचं काय? तीही गेली का?

याच दिवसांत शेजारच्या गावाची एक म्हातारी मावशी सासूबाईंना भेटायला आली. तरुणपणी ती बायबलबाई होती. म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी, बाळंतिणीपाशी बसणारी, मेलेल्या घरी भाकरी घेऊन जाणारी. तिची आजी 1900 सालच्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला आलेली, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढलेली.

मावशी दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी तिला द्यायला साडी काढताना पेटीतली वही बाहेर पडली. मावशीनं चष्मा लावून पानं उलटली. काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "अगं, रमाबाईंनीसुद्धा अशी वही भरली होती. कागदावर नाही, पायांवर."

आणि तिनं जे सांगितलं, त्यात मी नंतर वाचलेलं थोडं घालून तुम्हाला सांगते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचे बोल खावे लागले, तरी त्यांनी शिकवलं. आणि आईनं ते लेकीला शिकवलं. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत हिंडलं. उपास, स्नानं, दानधर्म, पुराणं वाचून दाखवणं. होतं नव्हतं ते दान करून टाकलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश तुडवत राहिली. थंडीत पांघरूण नव्हतं, म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली होती. आईवडिलांच्या भक्तीत कुठंही कसूर नव्हती. त्यांच्याविषयी रमाबाई शेवटपर्यंत आदरानंच लिहीत आल्या. पण आणखी किती केलं म्हणजे पुरे, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

पुढचं तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. 1878 साली कलकत्त्यात त्यांची विद्वत्ता पाहून 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे मान मिळाले. भाऊ वारला. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि 1882 साली पती पटकीनं गेले. तेविसाव्या वर्षी विधवा, पदरात तान्ही लेक. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, मग इंग्लंडला गेल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथं त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

आता इथं आपल्याला वाटतं, बाई ख्रिस्ती झाली, म्हणजे तिची कृपेशी गाठ पडली. पण रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष लिहून छापली, तिच्यात त्या अगदी मोकळेपणानं सांगतात की तसं झालं नव्हतं. त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्यातली शिकवण पटली होती, सेवा पटली होती. पण खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर अशी आठेक वर्षं गेली. या काळात त्या काही रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेत व्याख्यानं दिली, 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. बाहेरून बघणाऱ्याला त्यांची वही बरोबरच्या खुणांनी गच्च भरलेली दिसली असती. आत मात्र शांती नव्हती.

त्या सुमाराला विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाची जीवनकथा त्यांच्या वाचनात आली. हा माणूस कितीतरी वर्षं पाळक होता, आणि एके दिवशी आपल्याच देवळात प्रवचन करता करता त्याचं स्वतःचं मन पालटलं. दुसऱ्यांना सांगणाऱ्याला आपणच अजून घेतलेलं नाही हे उमगलं. रमाबाईंनाही तेच उमगलं. माझी लायकी होईपर्यंत देव थांबलेला नाही. मी जशी आहे तशीच त्याच्याकडं जायचं. काही घेऊन जायचं नाही, रिकाम्या हातानं घ्यायला जायचं.

मावशी इथं थांबली आणि मला म्हणाली, "बघ, माणूस धर्म बदलतो, पण वही बरोबर घेऊन येतो."

ते वाक्य माझ्या काळजात घुसलं. मी तर जन्मानंच ख्रिस्ती. येशूनं आपल्यासाठी वधस्तंभावर प्राण दिला, तारण फुकट आहे, हे मी शाळकरी वयापासून म्हणत आले. पण माझा समज असा होता, की आत यायला कृपा लागते आणि आत टिकून राहायला आपली मेहनत. जणू पहिला हप्ता देवानं भरला, पुढचे आपण भरायचे. पौलानं गलतीकरांना पत्र लिहिलं ते याच कारणासाठी. तो त्यांच्यावर चांगलाच चिडलेला आहे. आत्म्यानं सुरुवात केली आणि आता शेवट स्वतःच्या बळावर करायला निघालात का, असा त्याच्या विचारण्याचा रोख आहे. आज तुर्कस्तान म्हणतात त्या मुलखातल्या मंडळीला दोन हजार वर्षांपूर्वी झालेली चूक आमच्या गावात, माझ्या पेटीत सापडली.

मी मावशीला विचारलं, "मग टिकायचं कसं?"

ती म्हणाली, "तू दही कसं लावतेस?"

मी म्हटलं, दूध कोमट करायचं, विरजण घालायचं, झाकून ठेवायचं.

"मग दर तासानं उठून पळी घालून बघतेस का, लागलं की नाही?"

"बघितलं तर मोडेल की."

"तसंच हे," ती म्हणाली. "विरजण त्याचं आहे. तू रात्रभर पळी घालतेस."

येशूनंही असाच एक दाखला दिलेला आहे, मार्काच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजतं, वर येतं. कसं ते त्याला कळतही नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात दाणा. आपण शेतकऱ्याच्या बायका, आपल्याला हे कुणी शिकवायला नको. खुरपणी आपली, पाणी आपलं. पण उगवणं आपलं नाही. कोंब ओढून मोठा करता येत नाही, ओढला तर हातात येतो.

मग मी तिला सासूबाईंचं विचारलं. तो प्रश्न माझ्या छातीवर दगडासारखा होता. "मावशी, आत्याबाईंना प्रार्थना आठवत नाही. येशूचं नावसुद्धा कधी आठवतं, कधी नाही. त्यांचा विश्वास गेला का?"

मावशी सासूबाईंच्या उशाशी बसली होती. तिनं त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि मला पेत्राची गोष्ट आठवून दिली. पेत्र छातीवर हात मारून म्हणाला होता, बाकीचे सोडतील, मी सोडणार नाही. कोंबडा आरवायच्या आत त्यानं तीनदा ओळख नाकारली. पण त्याच्या आधीच, त्या रात्री भोजनाच्या वेळी, येशूनं त्याला सांगून ठेवलं होतं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. लूकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. मावशी म्हणाली, "पेत्राची शपथ सकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही. येशूची विनंती टिकली. ह्या म्हातारीची प्रार्थना हरवली, पण हिच्यासाठी चाललेली प्रार्थना हरवलेली नाही."

आपल्याकडं एक जुनी उपमा आहे. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः चिकटून राहतं. हात सुटला की पडलं. मांजरीचं पिल्लू काहीच धरत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते. दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांमध्ये यावर पूर्वी मोठा वाद झाला, भक्त माकडिणीच्या पिल्लासारखा की मांजरीच्या. मला वादातलं कळत नाही. पण त्या दिवशी सासूबाईंकडं बघताना एवढं कळलं, की शेवटी सगळ्यांचेच हात सुटतात. कुणाचे आजारानं, कुणाचे म्हातारपणानं, कुणाचे दुःखानं. आपल्या पकडीवर भरवसा असेल तर आपण कुणीच वाचणार नाही. यशया संदेष्ट्यामार्फत देवानं सांगितलंय, की एखादी आई आपल्या अंगावरच्या लेकराला विसरेल, पण मी विसरणार नाही. विसरण्याचा रोग आपला आहे, त्याचा नाही.

त्या रात्री मी मावशीला मनगटाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. ती मला "जाऊ दे" म्हणाली नाही. म्हणाली, "पाप आहेच ते. म्हणून तर कृपा लागते. चांगल्या कामाला कोण कृपा मागतं?" आणि म्हणाली, "उद्या तिची क्षमा माग."

"त्यांना तर आठवतच नाही."

"तुला आठवतंय ना, मग माग."

सकाळी मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि म्हणाले, आत्या, त्या रात्री मी तुमचा हात हिसडला, मला माफ करा. त्यांना काय कळलं देवाला ठाऊक. त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून चाचपल्या आणि विचारलं, "पोरी, जेवलीस का?"

मैत्रिणींनो, आता तुमच्यातली एखादी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की सगळं कृपेनं होतं तर मग बाईनं काही करायचंच नाही का? हातावर हात ठेवून बसायचं?

याचं उत्तर रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात आहे. शांती मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या का? 1893 साली पुण्यात त्यांच्यावर गहजब झाला, लोकांनी सदनातल्या मुली काढून नेल्या. त्या डगमगल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली-बायांना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात रानोमाळ हिंडलेली बाई ती, तिला त्या मुलींच्या डोळ्यांतलं सगळं वाचता येत होतं. पुण्यात प्लेग आला तेव्हा दौंड तालुक्यातल्या केडगावच्या जमिनीवर त्यांनी मुक्ती उभी केली. 1900 सालापर्यंत तिथं दीड हजारांवर माणसं झाली. शेती, विहिरी, दूधदुभतं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. आणि ज्या बायकांना समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलं होतं, त्यांच्यासाठी वेगळं घर बांधलं. त्याला त्यांनी नाव दिलं, 'कृपा सदन'. स्वतःला जे मिळालं त्याचंच नाव त्यांनी भिंतीवर लिहिलं.

शिवाय मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी सगळ्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, आपल्यासारख्या साध्या बायकांना कळावं म्हणून. कित्येक वर्षं ते काम चाललं. मुक्तीतल्या मुलींनीच खिळे जुळवले, छापलं. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती एकुलती एक लेक. त्या दुःखातही रमाबाई काम करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तोवर भाषांतराचं काम त्यांनी पुरं करत आणलं होतं.

काम आधीही होतं आणि नंतरही. फरक कशात पडला? आधी काम म्हणजे हप्ता होता, नंतर काम म्हणजे फळ झालं. आंब्याच्या कलमाला आंबा लागतो तो झाडात रस आहे म्हणून. झाडानं मला ठेवून घ्यावं म्हणून फांदी आंबे भरत नसते.

माझ्या घरात काय फरक पडला ते सांगते. मी एका रात्रीत गरीब गाय झाले नाही. राग पुढंही आला. पण एक मोठी गोष्ट झाली, मला लपवायचं काही उरलं नाही. वही असते तेव्हा फुल्या लपवाव्या लागतात. नवऱ्यापासून, जावेपासून, मंडळीपासून. फुल्या लपवणारी बाई मदत कशी मागणार? मी मालकांना सांगितलं, मला एकटीला हे झेपत नाही, एखाद दिवशी माझ्या हातून भलतंच होईल. ते गप्प बसले, पण दुसऱ्या दिवसापासून रात्रीची एक पाळी त्यांनी घेतली. आणि धाकटी जाऊ, तीच, देवळात डुलक्या घेणारी, म्हणाली, "बाई, तुम्ही कधी बोललाच नाहीत. आठवड्यातले तीन दिवस मी येते की." ती आली. पुढचं दीड वर्ष आली. तिच्याकडं वही नव्हती, पण प्रेम होतं.

त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला मी पुढं गेले. पाळकांनी भाकर पुढं केली आणि मी हात उघडा धरला. तेव्हा लक्षात आलं, या जागी कुणी काही द्यायला येतच नाही. सगळे हात घेण्यासाठीच पुढं झालेले.

सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना एक शब्दही येत नव्हता. आम्ही दोघी जावा त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून प्रभूची प्रार्थना म्हणायचो, त्यांच्या वतीनं. त्या नुसत्या बघायच्या. मी आता भीत नव्हते. साठ वर्षं ज्याला त्यांनी हाक मारली, त्यानं त्यांना धरलेलं होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण या शब्दाचा गैरवापर होतो. विश्वासात टिकून राहा, देवाच्या कृपेवर सोड, असं सांगून काही घरांत बाईला मार सहन करायला लावतात. ती कृपा नव्हे. येशूनं कुठल्याही बाईला मार खात बस असं सांगितलेलं नाही. तुमच्या अंगावर कुणी हात टाकत असेल तर गटाला सांगा, पोलीस पाटलाला सांगा, 181 या महिलांच्या हेल्पलाइनला फोन करा. मदत मागणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. मदतीचा हातही कृपेचाच असतो.

आता जाता जाता चार गोष्टी, माझ्या अनुभवातल्या.

प्रार्थना सुचत नसेल तर लांबलचक करू नका. "प्रभू, मी आहे" एवढं म्हणा. तेही जमत नसेल तर शेजारणीला म्हणा, माझ्यासाठी तू कर.

दमला असाल तर झोपा. एलिया संदेष्टा रानात झाडाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवानं त्याला रागावलं नाही, उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं आणि भाकर-पाणी पाठवलं.

चूक झाली असेल तर ती चूक म्हणा, आणि जिच्याशी केली तिच्याकडं जा. पण देवाच्या पंगतीतून उठून जाऊ नका. मी पाच महिने उपाशी राहिले, त्यात कुणाचंच भलं झालं नाही.

आणि चौथी गोष्ट गटातल्या, भगिनी मंडळातल्या बायकांसाठी. एखादी बाई तीन रविवार दिसली नाही, तर "विश्वासात थंड पडली" म्हणू नका. तिच्या घरी जा. कदाचित ती फडकी धूत असेल. आपण दोन फडकी पिळून द्यावीत. त्या फडक्यांच्या पाण्यातही कृपा असते, मी बघितलीय.

ती वही अजून माझ्याकडं आहे. अर्ध्याहून जास्त पानं कोरी होती. त्यांवर मी आता दुधाचा हिशोब लिहिते. गटाचा हप्ता मात्र पाच तारखेलाच भरायचा बरं का, त्याला सूट नाही. कृपेला हप्ता नसतो. गटाला असतो.